लायकिपियातलं सीमांतपूजन

साउथहॅम्प्टन,
७ मार्च २००४

कस्तुरी,

साखरपुड्याचं कार्ड मिळालं. फोटो चांगला आला आहे. मुलगा उंच आहे आणि चेहऱ्यावरून मूर्ख वाटत नाही. चांगलं लिहायचं तेवढं लिहून झालं.

कार्डाच्या मागे बारीक अक्षरात तू लिहिलं आहेस, 'लग्न ऑगस्टमध्ये, ह्यूच्या घरी, केनियात.' मला वाटलं नैरोबीत असेल. नैरोबीत मी आठ वर्षं मुलींना भूगोल शिकवला. तिथे तुझं लग्न लागलं असतं तर मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले असते. म्हणून तुझ्या बाबाला फोन केला. पुरू म्हणाला, "नैरोबी नाही गं ताई, लायकिपियात. फर्नहिल नावाची रँच आहे त्यांची. बावीस हजार एकर!" मुलाचा पुण्यात तीन खोल्यांचा ब्लॉक आहे, असं सांगावं तसं सांगितलं त्याने.

तुझे आजोबा, आमचे अण्णा, नान्युकीला स्टेशनमास्तर होते हे तुला माहीत आहे. नान्युकीच्या पलीकडे लायकिपियाचं पठार सुरू होतं. माझं सगळं लहानपण त्या स्टेशनामागच्या घरात गेलं. कुणा गोऱ्या बाईला क्लबातून निघायला उशीर झाला की ती गड्याकरवी निरोप पाठवायची आणि अण्णा गाडी थांबवून ठेवायचे. आम्ही लहान मुलं खिडकीतून बघत असायचो. डब्यात माणसं कोंबलेली, कुणाची आजारी आई, कुणाचं तान्हं मूल, आणि गाडी उभी. बाई यायच्या, अण्णांकडे न बघता चढायच्या, मग हिरवा झेंडा. त्या पठारावर जमीन घ्यायची अण्णांना कायद्याने मनाई होती. ती गोऱ्यांसाठी राखलेली होती. आणि ज्यांची ती खरोखर होती, ते मसाई लोक तिथे दिसायचे ते दुसऱ्यांची गुरं राखताना.

ह्यूला विचार, त्याच्या घराण्याला ही जमीन कुणी दिली आणि देणाऱ्याकडे ती कुठून आली. उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणून सुटतेस.

आत्या

*

रीडिंग,
२१ मार्च २००४

प्रिय आत्या,

तुझा पत्र मिळाला. मी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये वाचली आणि इतकी अपसेट झाली की स्लाऊला उतरायचंच विसरली.

मी ह्यूला विचारलं. तो काही लपवत नाही. त्याचे पणजोबा स्कॉटलंडचे. पहिल्या वॉरमध्ये सोल्जर होते. १९१९ मध्ये सरकारने अशा सोल्जर्सना केनियात जमीन दिली, लॉटरी काढून. चिठ्ठीत त्यांचा नंबर आला. जमीन तेव्हा रिकामी होती, नुसती गवत. त्यांनी विहीर खणली, घर बांधलं, दोन मुलं तिथे तापाने गेली. ह्यूची जन्म तिथलीच आहे. पासपोर्ट केनियाचा. रीडिंगला तो फक्त शेतकी शिकायला आला. स्वाहिली माझ्या मराठीपेक्षा छान बोलतो. (हस ना थोडंसं.)

आणि आता ती नुसती रँच नाही. अर्ध्या जमिनीवर त्यांनी गेंडे सांभाळलेत. गेंडे संपत चाललेत, आत्या. कुंपण त्यांच्यासाठी आहे. गावातल्या कितीतरी लोकांना तिथे नोकरी आहे.

मला एक सांग. मी शाळेत होते तेव्हा सुट्टीत तुझ्याकडे राहायला यायचे. तुझ्या शेजारचा तो म्हातारा तुला 'गो बॅक होम' म्हणाला होता. तू त्याला काय म्हणालीस? "हेच माझं होम आहे, तुमचं फाटक लावून घ्या, कुत्रा बाहेर येतोय." मला ते फार आवडलं होतं. मग ह्यूने कुठे गो बॅक करायचं?

आणि अण्णांचा पगार पण त्याच रेल्वेचा होता ना? आपण तिथे काय करत होतो?

तुझी,
कस्तुरी

*

साउथहॅम्प्टन,
४ एप्रिल २००४

कस्तुरी,

पत्रातल्या चुकांना लाल शाईने खुणा करून ते परत पाठवते आहे. पण युक्तिवाद चांगला केला आहेस. तुला वाद घालायला मीच शिकवलं, त्यामुळे तक्रार करता येत नाही.

अण्णा तिथे काय करत होते? इंग्रजाची गाडी चालवत होते. पगार घेत होते, आणि त्या पगारातून मला शिकायला पुण्याला पाठवत होते. आपण त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो होतो आणि आपल्या खाली कोण होतं ते आपल्याला दिसत होतं. हे मी कधी नाकारलेलं नाही. पण एक पायरी खाली बसलेल्याला वरच्याचं सगळं माफ करावं लागतं, हा नियम कुठला?

आता 'रिकामी जमीन'. ही दोन शब्दांची थाप मी आयुष्यभर ऐकत आले. अमेरिका रिकामी होती, ऑस्ट्रेलिया रिकामी होती, लायकिपियाही रिकामी! नीट वाच. १९०४ साली इंग्रजांनी मसाईंशी करार केला. रेल्वेच्या बाजूची चांगली जमीन सोडा, लायकिपियात जा, तुमची जमात पृथ्वीवर आहे तोवर लायकिपिया तुमचं. मसाई पुढाऱ्यांनी अंगठे उठवले. सात वर्षांनी गोऱ्यांना लायकिपियाही हवं झालं. पुन्हा नवा करार, पुन्हा अंगठे, आणि मग गुराढोरांसकट सगळ्यांना दक्षिणेला हाकललं. वाटेत थंडीपावसात माणसं मेली, गुरं मेली. हे १९१३ सालापर्यंत चाललं होतं. त्यानंतर सहा वर्षांनी ह्यूच्या पणजोबांची चिठ्ठी निघाली. त्यांना जमीन रिकामी दिसली असेल, यात मला शंका नाही. घरातल्या माणसांना बाहेर काढून कुलूप लावलं की घर रिकामंच असतं.

ह्यूला हाकला असं मी कुठेही लिहिलेलं नाही. त्याने तिथे राहावं. पण बावीस हजार एकरांना कुंपण घालून राहणं आणि मी साउथहॅम्प्टनच्या एका गल्लीत भाड्याच्या घरात राहणं, या दोन गोष्टी तू एका वाक्यात बसवल्यास. लाज वाटायला हवी होती. मी त्या म्हाताऱ्याची बाग घेतली नव्हती.

गेंड्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते कुणाला फसवत नाहीत.

या ऑगस्टमध्ये पहिल्या कराराला शंभर वर्षं होतात. मसाई म्हणतात, गोऱ्यांना जमीन दिली ती शंभर वर्षांच्या मुदतीने, ती संपली, जमीन द्या. तुझ्या सासऱ्यांकडचा सरकारी भाडेपट्टा किती वर्षांचा आहे, तेही विचारून ठेव.

आत्या

*

रीडिंग,
१६ मे २००४

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालतो, कारण पुढचं वाचून तू चिडणार हे ठाऊक आहे.

कस्तुरीने मला तुझी पत्रं दाखवली. ती रडली. ताई, तुझं म्हणणं इतिहास म्हणून खरं आहे, पण मुलीचं लग्न हे काही भूगोलाचा तास नव्हे. भाडेपट्ट्याचं ती विचारत होती म्हणून सांगतो, नऊशे नव्याण्णव वर्षांचा आहे. कागद पक्के आहेत.

ह्यूचे वडील दिलदार गृहस्थ आहेत. मी त्यांना म्हटलं, आमच्यात लग्न मुलीकडे लागतं. ते म्हणाले, "मग दोन दिवस फर्नहिल तुमचं. तुम्ही यजमान, आम्ही पाहुणे." आदल्या संध्याकाळी ते सगळे लँडरोव्हरमधून फाटकाबाहेर जातील, नदीकाठी चहा घेतील आणि वऱ्हाडासारखे परत येतील. आपण फाटकात सीमांतपूजन करून त्यांना आत घ्यायचं. स्लाऊच्या गुरुजींचं तिकीट काढलं आहे. तारीख एकवीस ऑगस्ट. गुरुजींनी काढीव मुहूर्त दिला आहे.

मनीषाची फार इच्छा आहे की मुलीची आई म्हणून ती विहीणबाईंचे पाय धुताना पाण्याचा तांब्या तू धरावास. आपल्या मांडीवर घेऊन तू कस्तुरीचं नाव ठेवलंस. हा मान दुसऱ्या कुणाला द्यायचा? मी तिकीट पाठवतो. नान्युकीचं स्टेशनही बघून येऊ. मला तर ते धूसरच आठवतं.

तुझा,
पुरू

*

साउथहॅम्प्टन,
२ जून २००४

पुरू,

नऊशे नव्याण्णव वर्षं! तेवढी वर्षं मागे मोजलीस तर देवगिरीची राजधानीसुद्धा वसलेली नव्हती. एवढ्या मुदतीचा कागद माणूस माणसाला देत नाही. चोर चोराला देतो.

चातुर्मासात लग्न. वर काढीव मुहूर्त. गोऱ्यांना ऑगस्टात सुट्ट्या असतात म्हणून पंचांग वाकवायला तुम्हाला काही वाटलं नाही. मला पंचांगाचं सोयरसुतक नाही, तुला माहीत आहे. पण जो माणूस एवढं वाकवू शकतो, तो लग्न रीडिंगच्या कौन्सिलच्या हॉलमध्येही लावू शकला असता.

आता सीमांतपूजन. अरे, गावाच्या शिवेवर जाऊन पाहुण्याला सामोरं जायचं, कारण गाव आपलं असतं. तुझं गाव कुठलं तिथे? त्यांनी तुला दोन दिवसांपुरतं यजमानपण उसनं दिलं, आणि देणाऱ्याचंही ते उसनंच. ज्या फाटकाच्या बाहेर तिथली माणसं शंभर वर्षं उभी आहेत, त्या फाटकात आतल्या बाजूला उभं राहून, मालकालाच पाहुणा म्हणून ओवाळायचं! आपल्या गावच्या तमाशातसुद्धा असं सोंग कुणी काढलं नसतं.

त्या फाटकात मी तांब्या धरणार नाही. तिकीट पाठवू नकोस.

मनीषाला सांग, तिच्यावर राग नाही.

ताई

*

रीडिंग,
२५ जुलै २००४

आत्या,

तू येणार नाहीस हे बाबाने सांगितलं. मला तू डायरेक्ट लिहिलंही नाहीस.

मग मी पण एक गोष्ट सांगते, कारण नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू आणखी चिडशील. लग्नानंतर ह्यू आणि मी रीडिंगला राहणार नाही. त्याच्या वडिलांना आता झेपत नाही. फर्नहिल आम्ही चालवणार. मी नोकरी सोडते आहे. नोटीस दिली आहे. लग्नानंतर परत येऊन ऑफिसचं काम पूर्ण करीन, पॅकिंग करीन आणि तीस ऑक्टोबरला कायमची जाणार.

तू म्हणशील, बघा, फसवलं. मी फसवलं नाही. मला भीती वाटत होती तुझी.

मला वाटलं होतं, आत असलेलं कुणीतरी आपलं असेल तर काहीतरी बदलता येईल. तू नेहमी म्हणतेस ना, बाहेरून ओरडून काही होत नाही.

कस्तुरी

*

रीडिंग,
२९ ऑगस्ट २००४

प्रिय ताई,

काल परत आलो. लग्न छान पार पडलं. ह्यूने धोतर नेसलं आणि एकदाही सुटलं नाही! गोरी मंडळी पंगतीला मांडी घालून बसली; उठताना एकमेकांना ओढून उठवत होती. त्याच्या आजीने श्रीखंड तीनदा मागून घेतलं. मंगलाष्टकं चालली असताना मागे माउंट केनियाचं शिखर उघडं झालं. मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

सीमांतपूजनाच्या वेळी थोडी गडबड झाली. काही गुरं फाटकात घुसली होती. रखवालदारांनी हाकलली. बाकी सगळं यथासांग.

कस्तुरी आमच्याबरोबर परत आली आहे, पॅकिंगसाठी. थकली आहे, फारशी बोलत नाही. सध्या फोन करू नकोस. तुझी उणीव मात्र सगळ्यांना भासली.

पुरू

*

साउथहॅम्प्टन,
३ सप्टेंबर २००४

पुरू,

लायब्ररीत रोज सगळी वर्तमानपत्रं वाचते, हे तू विसरलास.

आतल्या पानावर लहानशी बातमी आहे. लायकिपियात मसाईंनी आपली गुरं रँचमध्ये घातली, शंभर वर्षांचा करार संपला म्हणून आणि पाणी नाही म्हणूनही. दोनतीन ठिकाणी गोळीबार झाला. त्यात एक ठिकाण म्हणजे फर्नहिल. तारीख वीस ऑगस्ट, संध्याकाळ. रँचच्या रखवालदारांनी फाटकात गोळ्या झाडल्या. गुरं मेली. एका म्हाताऱ्या गुराख्याच्या मांडीत गोळी गेली, तो नान्युकीच्या इस्पितळात आहे.

'थोडी गडबड.' 'गुरं हाकलली.' 'यथासांग.'

तू तिथे होतास. फाटकातच होतास, पाट मांडून. रखवालदारांना हुकूम कुणी दिला? मला श्रीखंडाचं काही कळवू नकोस. एवढंच कळव.

ताई

*

रीडिंग,
१० सप्टेंबर २००४

ताई,

मला हे तुला सांगायचं नव्हतं, कारण तुला त्यातून हवं तेच दिसणार.

मुहूर्त टळत होता. गुरुजी घाई करत होते. पूजा सूर्यास्ताच्या आत व्हायला हवी होती. वऱ्हाड फाटकाबाहेर खोळंबलं होतं, मधे गुरं. मी ह्यूच्या वडिलांना रखवालदारांच्या रेडिओवर एवढंच म्हणालो की जरा वाट मोकळी करून द्या, आमची वेळ चुकतेय. गोळ्या घाला असं कोण म्हणेल? पुढचं रखवालदारांनी केलं. त्या माणसाचा औषधपाण्याचा सगळा खर्च ह्यूचे वडील करत आहेत.

दोष द्यायचा तर मला दे. आणि हा विषय इथेच संपव. कस्तुरीला यातलं काही लिहू नकोस, मी हात जोडतो.

पुरू

*

साउथहॅम्प्टन,
१४ सप्टेंबर २००४

पुरू,

सीमांतपूजनाला मुहूर्त नसतो.

तुझ्या लग्नात मनीषाकडच्या मंडळींची बस चार तास रुतली होती. रात्री सीमांतपूजन झालं, जेवणं झाल्यावर. कुणी घड्याळ बघितलं नाही. लग्नघटिकेला मुहूर्त असतो. पाय धुवायला नसतो. हे तुला माहीत आहे, स्लाऊच्या गुरुजीला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तू विसरलास.

तेव्हा एक तर तू इतका मूर्ख झाला आहेस की नसलेल्या मुहूर्तासाठी माणसावर बंदुका सोडल्यास, किंवा तू खोटं बोलतो आहेस. दोन्हीपैकी कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. अण्णा गाडी थांबवून ठेवायचे तेव्हा रात्री जेवायचे नाहीत. मान खाली घालून बसायचे. त्यांच्या मुलाने पाटावर बसून श्रीखंड खाल्लं आणि मला शिखराचं वर्णन लिहिलं.

मी इतकी वर्षं इंग्रजांवर संतापत होते. त्यांना निदान जमीन हवी होती. तुला काय हवं होतं? त्यांनी तुला एकदा 'होस्ट' म्हणावं, एवढंच?

या पत्राची प्रत कस्तुरीला पाठवते आहे. तू हात जोडलेस म्हणून मुद्दाम. आपला बाप काय करून आला, ते तिला कळलंच पाहिजे.

यापुढे मला पत्र लिहू नकोस.

अलका

*

रीडिंग,
२ ऑक्टोबर २००४

आत्या,

तू बाबाला लिहिलेलं पत्र दोन आठवडे माझ्या बॅगेत आहे. रोज काढते आणि परत ठेवते. बाबा घरात कुणाशी बोलत नाही. आई त्याला जेवायला बस म्हणते तर बसतो, नाहीतर नाही.

बाबा खोटं बोलला. पण तू समजतेस तसं नाही.

फर्नहिलचं ते फाटक कायम बंद असतं. त्या दिवशी आमच्यासाठी उघडलं होतं, झेंडूच्या माळा लावून. आईने आणि मी दोन तास रांगोळी काढली. ह्यू आणि सगळे नदीवर गेले. मग धूळ दिसली. मला वाटलं आलेच. पण गुरं होती. खूप. उघडं फाटक दिसल्यावर ती आत यायला लागली, सरळ रांगोळीवरून. आत धरण आहे, तिथे पाणी होतं. बाहेर नदी जवळजवळ सुकली होती.

पुढे एक म्हातारा होता, अंगावर लाल कापड. त्याच्यामागे दोन बायका आणि तरुण मुलगे. बाबा त्याच्याकडे गेला आणि स्वाहिलीत बोलायला लागला. मला वाटलं होतं बाबा ती विसरला असेल. तो म्हातारा हसला पण. बाबा परत येऊन म्हणाला, "पाणी पाजून जातो म्हणतोय. पाजू दे गं. आपण थांबू अर्धा तास. यांच्याकडे लग्न असतं तर यांनीही थांबवलं असतं पाहुण्यांना."

मी म्हणाले, "बाबा, फोटोग्राफरचा लाइट जातोय."

तो म्हणाला, "जाऊ दे लाइट."

आई म्हणाली, "अहो, पण हे सगळे आत शिरले तर?"

बाबा म्हणाला, "शिरले तर शिरले. अण्णांच्या प्लॅटफॉर्मवर बसायचे हे लोक. काही करत नाहीत."

एक बैल माझ्या अगदी जवळ आला. मी घाबरले. शालू धुळीत लोळला. त्या बायका काहीतरी ओरडत होत्या, माझ्याकडे हात करून. आणि मी रखवालदारांच्या मुख्य माणसाला म्हणाले, इंग्लिशमध्ये, मोठ्याने, 'गेट देम ऑफ अवर लँड.'

'अवर' म्हणाले, आत्या. तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

त्याने रेडिओवर ह्यूच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, 'डू अ‍ॅज द ब्राइड सेज.' ते मी ऐकलं. पहिली गोळी वर मारली. मग गुरं उधळली. मग आणखी मारल्या. तो म्हातारा गुरांना वळवत होता. बाहेरच वळवत होता. तेव्हा त्याला लागली.

बाबा धावत गेला. त्याने उपरण्याने मांडी बांधली. बाबाच त्याला गाडीतून नान्युकीला घेऊन गेला, म्हणून तो रात्री उशिरा आला. हे त्याने तुला लिहिलं नाही ना? मला वाटलंच. ते लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, मग हुकूम कुणी दिला.

आणि मग सीमांतपूजन झालं. आईने रांगोळी परत काढली. बाबाच्या जागी, मुलीकडचा म्हणून, गुरुजींनी ह्यूच्या मामालाच उभं केलं. दुसऱ्या दिवशी लग्न. मी हसले सगळ्या फोटोंत.

मी त्या माणसाला बघायला गेले नाही. ह्यूला जायचं होतं, पण त्यांच्या वकिलाने सांगितलं, कुणी जायचं नाही, गेलं तर चूक कबूल केल्यासारखं होतं. ह्यू गप्प बसला. मीही बसले. ह्यू फोनवर म्हणतो, तुझी चूक नाही, तुला तिथलं माहीत नव्हतं. पण मला माहीत होतं. तूच एप्रिलमध्ये सगळं लिहिलं होतंस. सगळं माहीत असून माझ्या तोंडातून तेच आलं.

तीस तारखेचं तिकीट आहे. जाऊ की नको, मला कळत नाही. तू म्हणशील ते मी करीन.

कस्तुरी

*

साउथहॅम्प्टन,
६ ऑक्टोबर २००४

कस्तुरी,

पत्र काल आलं. रात्रभर चिडले आणि सकाळी उठून कामाला लागले.

तुझ्या बाबाला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात माफी एका ओळीची आहे आणि खरडपट्टी दोन पानांची. मुलीसाठी बहिणीशी खोटं बोलला, ते मी समजू शकते. पण तू केलेलं त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं आणि तुला गप्प राहायची सवय लावून दिली, त्याबद्दल त्याला सोडणार नाही.

तू लिहितेस, मी म्हणेन ते करशील. नाही. एवढ्या सोप्यात सुटायचं नाही. तू नवऱ्याबरोबर नांदावंस की नांदू नयेस, हे मी सांगणार नाही. ते तुमचं दोघांचं. पण रीडिंगला बसून रडायला मी तुला परवानगी देत नाही. 'मला माहीत होतं' असं लिहून झालं म्हणजे काही झालं नाही. ह्यूच्या पणजोबांनंतर त्या घरात निदान एखाद्याला तरी माहीत असेलच की. माहीत असलेली माणसं पंच्याऐंशी वर्षं तिथे चहा पीत बसली आहेत.

बाहेरून ओरडून काही होत नाही, हे वाक्य माझंच. तू ते वापरलंस तेव्हा मला राग आला होता. आत जाऊन काय होतं, ते आता आपल्याला कळलं. आत गेलं की आतल्यासारखं बोलता येतं, आणि तेही पहिल्याच संध्याकाळी. तू वाईट मुलगी आहेस म्हणून नव्हे. ते फाटक बांधलेलंच तसं आहे. त्याच्या आतल्या बाजूला कुणालाही उभं करा, रांगोळी घेऊन किंवा बंदूक घेऊन, त्याला बाहेर चोरच दिसतात.

मी एजंटाकडे जाऊन आले. तुझ्याच विमानाचं तिकीट मिळालं. जागा शेजारची नाही, ते बरं आहे. आठ तास शेजारी बसले तर मी तुला बोलून बोलून जीव नकोसा करीन.

नैरोबीहून नान्युकीला बसने जायचं. तुझ्या सासऱ्यांनी गाडी पाठवली तर तू तीत बसू नयेस. ह्यूला यायचं असेल तर त्यानेही बसने यावं, वकिलाला न विचारता. नान्युकीत उतरलं की आधी इस्पितळ. तो तिथे नसेल, घरी गेला असेल, तर त्याच्या घरी. मी बरोबर असेन पण बोलणार नाही. 'ऑफ अवर लँड' म्हणणारी मी नव्हते. तूच त्याला सांगायचं की हुकूम रखवालदाराचा नव्हता, सासऱ्यांचा नव्हता, माझा होता. पोलिसांत विचारलं तर तिथेही तेच सांगायचं. त्याने काय करायचं ते तो ठरवील. शिव्या दिल्या तर उभं राहून ऐकायच्या. रडायचं नाही. तो तुझी समजूत घालायला बसलेला नाही.

त्यानंतर फर्नहिलला जायचं की माझ्याबरोबर परतायचं, ते तू आणि तुझा नवरा बघा.

तुझ्या पत्रात बैल आहे, शालू आहे, लाइट आहे, वकीलसुद्धा आहे. त्या माणसाचं नाव नाही. तुझ्या बाबाने त्याला गाडीत घालून नान्युकीपर्यंत नेलं. त्याला माहीत असेल. आज जेवायला बसाल तेव्हा विचार, आणि मला लिहून पाठव.

आत्या